पिंजऱ्यातली भूतदया

कोकणातल्या कुठल्याही वर्तमानपत्राचं जिल्ह्याचं पान काढा. ‘बिबट्या जेरबंद’, ‘उदमांजराला जीवदान’, ‘नैसर्गिक अधिवासात मुक्तता’ ही शीर्षकं आलटून पालटून भेटत राहतात. सोबत ठरलेलं छायाचित्र असतं: मध्ये पिंजरा, मागे ओळीने उभी माणसं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान. वाचणाराही पान उलटताना मनातल्या मनात म्हणतो, बरं झालं, मारलं नाही.

त्या ‘बरं झालं’वर माझा आक्षेप आहे.

समजूत आणि माझं म्हणणं

गावालगत राहणाऱ्या वन्य प्राण्याला पिंजऱ्यात धरून दुसरीकडे नेऊन सोडणं ही दया नाही, तक्रारीची विल्हेवाट आहे. त्यात प्राणी वाचतोच असं नाही, शेतकऱ्याचं नुकसान थांबतं असंही नाही. थांबते ती ओरड, आणि तीही पुढच्या तक्रारीपर्यंत. गोळी घातली तर मेलेलं जनावर दारात पडतं. पिंजरा लावला तर जे व्हायचं ते घाटात, आपल्या नजरेआड होतं. या नजरेआड होण्यालाच आपण भूतदया म्हणू लागलो आहोत.

हे मी महाड आणि पोलादपूर हे तालुके डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. सावित्रीचं खोरं, भोवती डोंगर, त्यांतून वर चढणारे घाट: वरंध घाट भोरकडे, आंबेनळी महाबळेश्वरकडे, कशेडी खेडकडे. भाताची खाचरं संपतात तिथेच रान सुरू होतं. कौलारू घर, घराला माळा, मागे फणस, आंबा आणि बांबूचं बेट, पडवीला कोंबड्यांचं खुराडं. या घराभोवती रात्री जे फिरतात त्यांतला बिबट्या तेवढा बातमीत येतो. नेहमीचे वहिवाटदार मात्र लहान केसाळ जनावरं आहेत: उदमांजर, ज्याला कुणी कांडेचोरही म्हणतं, जवादी मांजर, मुंगूस, रानमांजर, कोल्हा. पिंजऱ्याची गोष्ट खरी त्यांची आहे, कारण त्यांच्यासाठी पंचनामा होत नाही आणि गर्दीही जमत नाही.

जगात केसाळ जनावरं धरण्याचा मोठा इतिहास कातड्याच्या व्यापाराशी बांधलेला आहे. उत्तर अमेरिकेत रॅकून, बीव्हर, मिंक ही जनावरं फरसाठी पिढ्यान्‌पिढ्या धरली गेली. पाय चिमटणाऱ्या पोलादी सापळ्यांवर युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये बंदीचा नियम केला. त्या सापळ्याशेजारी जिवंत धरणारा पिंजरा ठेवला तर तो सभ्यच दिसेल. पण आपल्याकडे उदमांजराच्या कातड्यासाठी कुणी पिंजरा लावत नाही. तिथे जनावर हवं असतं, इथे ते नको असतं. ज्याला ते हवं असतं तो निदान पिंजरा उघडल्यावर त्याच्याकडे बघतो. ज्याला नको असतं त्याचं काम घाटात दार उघडलं की संपतं. पुढे काय झालं हे विचारणारं कुणीच उरत नाही. म्हणून तो प्रश्न इथे टप्प्याटप्प्याने विचारतो.

१. पिंजऱ्यातली रात्र

पिंजरा साधा असतो. हातभर रुंद, दोन-अडीच हात लांब, लोखंडी जाळीचा. एका टोकाला वर उचलून ठेवलेलं पत्र्याचं दार, आत पाय पडताच खटका सोडणारी पट्टी, तिच्या पलीकडे तारेच्या आकड्याला पिकलेलं केळं नाहीतर सुका बोंबील. उदमांजर वासावर आत जातं, दार पडतं. घरातल्या माणसाच्या दृष्टीने काम तिथे झालेलं असतं आणि तो कूस बदलून झोपतो.

आतल्या जनावराची रात्र तिथून सुरू होते. दोन ते पाच किलो वजनाचा, झाडावर राहणारा, अंधारात वावरणारा हा प्राणी. तो आधी जाळीच्या चौकटीत नाक घालून ढकलतो. नाकावरचं कातडं सोलवटतं. मग दातांनी तार ओढतो. सुळा मोडतो तो इथे, आणि मोडलेला सुळा परत येत नाही. नखं जाळीत अडकून उपसतात. उजाडल्यावर पिंजरा अंगणात येतो. ऊन, पोरं, कुत्री, मोबाइल. ज्याने जन्मात दिवसाचा गलका पाहिलेला नाही, त्याच्याभोवती दहा-वीस माणसं वाकून उभी असतात.

पशुवैद्यकाला ठाऊक असलेली एक गोष्ट अंगणातल्या गर्दीला दिसत नाही. भीती, सुटकेची धडपड आणि उष्मा यांनी धरलेल्या जनावराचे स्नायू आतून फुटतात आणि त्यांतून सुटलेला द्रव्यांश मूत्रपिंडं बंद पाडतो. हरणांत हा प्रकार फार, पण तो हरणांपुरता नाही. असं जनावर पिंजऱ्याबाहेर धावत सुटतं, आपण टाळ्या वाजवतो, आणि ते दोन-चार दिवसांनी एखाद्या जाळीत मरून पडतं. बातमीच्या लेखी ते सुखरूप असतं.

आणखी एक हिशेब राहतो. माळ्यावर वावरणारी मादी पुष्कळदा तिथेच व्यायलेली असते. तिला धरून नेलं की कौलांखाली डोळे न उघडलेली पिल्लं उरतात. चार-पाच दिवसांनी माळ्यावरून दुर्गंधी येते तेव्हा घरमालकाला वाटतं, उंदीर मेला असेल.

२. ‘नैसर्गिक अधिवास’ कुठे असतो?

पोलादपुरात धरलेलं जनावर आंबेनळीने वर नेऊन सोडावं, हे कुणालाही सहज सुचेल. रान दाट, वस्ती विरळ. माणसाच्या मनाला पटणारी जागा. पण जनावराचा अधिवास हिरव्या रंगाने ठरत नाही, ओळखीने ठरतो. उंबर कधी पिकतो, भेरली माडाचा घोस कुठे लोंबतो, कुठल्या झाडाला ढोली आहे, कुठल्या घरचा कुत्रा बांधलेला असतो: ही माहिती म्हणजेच त्याचं घर. आपण त्याला या माहितीतून उपटतो आणि जिथे प्रत्येक ढोलीला आधीचा धनी आहे अशा मुलखात टाकतो. सगळं गाव अनोळखी, हातात भाकरी नाही आणि प्रत्येक दारात काठी घेतलेला माणूस, असा तो प्रवेश असतो.

याचे आकडे आहेत. अमेरिकेत उपनगरातून धरून मोठ्या जंगलात सोडलेल्या ३८ करड्या खारींचा माग ठेवला गेला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८८ दिवसांच्या आत ९७ टक्के खारी मेलेल्या किंवा सोडल्या जागेवरून नाहीशा झालेल्या आढळल्या. खार लहान म्हणून सोडून द्यायची तर आपल्याच राज्यातला बिबट्या घ्या. जुन्नर वनविभागात २००१ पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर धरून सरासरी चाळीसेक किलोमीटरवर नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेब सांगतो की, त्याआधी १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. ही धरपकड सुरू झाल्यावर ते सरासरी १७ झाले. जे संकट टाळण्यासाठी पिंजरे लावले तेच चौपटीने वाढलं.

आणि जनावर सोडल्या जागी थांबतंच कुठे? तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या २००९ मध्ये रेडिओ पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो तिथे राहिला नाही. शेतं, रेल्वेचे रूळ, महामार्ग ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. ‘नैसर्गिक अधिवास’ आपण कागदावर लिहितो. जनावराने त्यावर सही केलेली नसते.

३. रिकामी जागा रिकामी राहत नाही

समजा, जनावर नेऊन सोडलं आणि ते परत आलं नाही. तरी घराचा प्रश्न सुटत नाही. माळा तसाच आहे, कौल फुटलेलं आहे, खुराड्याची कडी ढिली आहे, फणस पिकतो आहे. ज्या कारणाने पहिलं उदमांजर आलं त्याच कारणाने दुसरं येतं. बहुतेक वेळा ते तरुण असतं, हद्द शोधत फिरणारं, जास्त धीट. जुनं जनावर घराला सरावलेलं होतं, माणसाच्या वेळा पाळून होतं. नवं आलेलं सगळं पहिल्यापासून शिकतं, आणि त्याच्या शिकण्याची फी आपल्या कोंबड्या भरतात.

हलवाहलवीत जनावराबरोबर त्याचे रोगही प्रवास करतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात शिकारीच्या हौसेखातर दक्षिणेकडची रॅकून धरून उत्तरेकडच्या राज्यांत नेऊन सोडली गेली. त्यांच्याबरोबर त्यांचा रेबीज गेला आणि पुढे तो पूर्व किनाऱ्यावर शेकडो मैल पसरला. आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुका २०१६ पासून माकडतापाशी झुंजतो आहे. हा रोग गोचिडीतून येतो, आणि गोचीड माकडांच्या अंगावरून फिरते. माकडं गाडीत भरून एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात सोडा अशी मागणी करणाऱ्याने आधी हे डोळ्यांसमोर आणावं.

४. रान गावात आलं, की गाव घरातून गेलं?

पिंजऱ्यामागची खरी चूक निदानाची आहे. आपण धरून चालतो की, जनावराने हद्द ओलांडली. महाड-पोलादपुरात हद्द माणसाने हलवली आहे, आणि तीही मागे सरकून.

या डोंगरात एकेकाळी घर आणि रान यांच्यामध्ये एक पट्टा असे. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी होई. राब भाजायला झाडांची कवळं तोडली जात, गवत कापलं जाई, गुरं चरून जमीन मोकळी ठेवत. हा पट्टा दर वर्षी हातांनी राखला जाई. मग घरटी एक-दोन माणसं मुंबईला गेली, पुढे सगळं घरच गेलं. नाचणीची जमीन पडीक पडली, तिच्यावर घाणेरी आणि करवंदीची जाळी माजली. जुलै २०२१ च्या पावसात महाड तालुक्यात तळीये दरडीखाली गेलं, पोलादपुरातही दरडी कोसळल्या; डोंगरकुशीत राहण्याचा धीर त्यानंतर आणखी खचला. आज वाडीतली कितीतरी घरं गणपती आणि शिमगा सोडला तर कुलपात असतात. बंद घर आणि मागच्या दाराला टेकलेली जाळी: उदमांजराला याहून सुरक्षित ढोली कुठल्या झाडात मिळणार?

दुसऱ्या बाजूने महामार्ग आला, त्याच्या कडेला ढाबे आले, कोंबडीच्या दुकानांचा कचरा आला. त्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. रानात भूक आणि गावात मेजवानी अशी मांडणी आपण करून ठेवली आहे. पाहुण्याला पिंजऱ्यात घालून पंगत मात्र चालूच ठेवतो.

आणि उदमांजर नुसतं खाऊन जात नाही. ते उंदीर मारतं. पिकलेली फळं खाऊन त्यांच्या बिया मैलभर पेरतं. ज्या शेतकऱ्याच्या कणगीला उंदीर लागतो त्याने आपल्या माळ्यावरच्या रखवालदाराला घाटात नेऊन सोडणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

५. कुणाचा फासा, कुणाचा पिंजरा

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या प्रत्येकाने एकदा वाचावी. तिच्यात मारणं आणि विष घालणं आहेच. त्यांच्या पंक्तीला पकडणं, फासात धरणं, सापळा लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणं हेही आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी जिवंत पकडणं ही मारण्याची सौम्य पर्यायी वाट नाही, तीही शिकारच. माळ्याखाली केळं टांगून पिंजरा लावणाऱ्या सज्जन माणसाला हे सांगितलं तर तो दुखावतो. त्याला वाटतं, आपण तर प्राणिमित्र.

इथे एक सामाजिक अन्यायही दडलेला आहे. या भागातला कातकरी समाज रानावर जगत आला. भाताची कापणी झाली की, बांधावरची उंदरांची बिळं खणणारा, रानाची खडान्‌खडा माहिती असलेला हा समाज. त्याच्या हातात सशाचा फासा सापडला तर तो गुन्हेगार, आणि कायद्याने ते बरोबरच आहे. पण सुट्टीला येणारा बंगलेवाला जाळीचा पिंजरा आणून मुंगूस धरतो आणि डिकीत घालून दूर सोडतो, तेव्हा ती भूतदया. एकाला पोट आहे म्हणून शिक्षा आणि दुसऱ्याला झोपमोड झाली म्हणून शाबासकी, असा न्याय कुठल्या कलमात बसतो? जनावराच्या बाजूने पाहिलं तर फासा आणि पिंजरा यांत फरक थोडा आहे. फरक आहे तो लावणाऱ्याच्या कपड्यांत.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. ‘तुम्ही लेख लिहिता, कोंबड्या आमच्या जातात.’ खरं आहे. एका कोंबडीसाठी पंचनामा करून कोण भरपाई मागत बसेल? पण म्हणूनच उपाय खुराड्यात शोधायला हवा. मूठ शिरेल एवढी फट असेल तर उदमांजर शिरतं. बारीक जाळी, खालून फरशी आणि घट्ट कडी असेल तर शिरत नाही. छपरावर आलेली फांदी छाटली, फुटकं कौल बदललं की माळ्याची वाट बंद होते. हा खर्च एकदाच होतो. पिंजरा दर हंगामाला लावावा लागतो. वानर-माकडांचा प्रश्न याहून अवघड, कारण तो एका घराचा नाही. पूर्वी राखणीला माणूस बसे, आज बसायला माणूस नाही. तिथे वाडीने मिळून राखणीची मजुरी उभी करणं आणि सरकारने नुकसानीचे पैसे वेळेवर देणं, ही मागणी लावून धरायला हवी. पिंजऱ्याची मागणी सोपी असते म्हणून ती आधी होते.

दुसरा आक्षेप: ‘बिबट्या पोराबाळांच्या अंगावर आला तर?’ तर पिंजरा लावायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण दिसला म्हणून पिंजरा आणि हल्ला केला म्हणून पिंजरा यांत फरक करा. केंद्र सरकारने २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही नुसत्या दिसण्यावरून बिबट्या धरू नये याच बाजूच्या आहेत. आणि माणसावर हल्ला करणारा बिबट्या नक्की ओळखून धरला, तर त्याला दुसऱ्याच्या गावाजवळ सोडणं हा त्या गावाशी केलेला दगा आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: ‘पिंजरा नको म्हणाल तर लोक विष घालतील, कुंपणात वीज सोडतील. निदान पिंजऱ्याने राग शांत होतो.’ यात तथ्य आहे. संतापलेल्या वाडीत वनरक्षक रिकाम्या हातांनी उभा राहू शकत नाही. पिंजरा लावला की त्याला दोन दिवसांचा अवधी मिळतो. पण या अवधीची किंमत बघा. दिसलं की उचलून न्यायचं, हे एकदा अंगवळणी पडलं की गाव जनावरासोबत राहण्याची कला विसरतं. मग ज्या दिवशी पिंजरा मिळत नाही त्या दिवशी विषाची पुडी निघते. विषाचा आणि पिंजऱ्याचा पाया एकच आहे: हे जनावर इथे नसलंच पाहिजे. पिंजरा त्या समजुतीला सरकारी शिक्का देतो.

चौथा आक्षेप प्राणिमित्रांचा: ‘आम्ही विहिरीत पडलेला बिबट्या काढतो, दुकानात शिरलेलं उदमांजर बाहेर काढतो, हेही चूक?’ मुळीच नाही. ते काम धाडसाचं आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण सुटका आणि हकालपट्टी या दोन गोष्टी एकाच पिंजऱ्याने होतात, म्हणून त्या एक ठरत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. स्वतःला विचारावं: जनावर अडकलं आहे, की आपल्याला अडचण झाली आहे? जनावर अडकलं असेल तर पिंजरा आणा, आणि सोडताना शक्यतो त्याच परिसरात, रात्री सोडा. अडचण आपली असेल तर हातोडी, जाळी आणि कौल आणा.

पिंजऱ्याचं खरं काम

पिंजरा फेकून द्या असं मी म्हणत नाही. त्याची तीन कामं मला मान्य आहेत: जखमी किंवा अडकलेल्या प्राण्याची सुटका, माणसावर हल्ला करणाऱ्या नेमक्या जनावराला कायमचं बाजूला काढणं, आणि परवानगी घेऊन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलेला अभ्यास. कायद्याचं कलम ११ पकडण्याची आणि हलवण्याची वाट उघडी ठेवतं, पण ती मुख्य वन्यजीव रक्षकाच्या हातात आणि आघात कमीत कमी व्हावा या अटीवर. तालुक्याच्या बाजारातून पिंजरा आणून पडवीत ठेवणाऱ्याच्या हातात ती वाट कायद्याने कधीच दिलेली नाही.

इंग्रजी अमदानीत वाघ-बिबटे मारणाऱ्याला सरकार बक्षीस देई. आज आपण मारत नाही, हलवतो, आणि एवढ्यावर स्वतःला सुधारलेले समजतो. पण प्रश्न विचारण्याची रीत तीच राहिली: हे जनावर कसं घालवायचं? ते इथे का आलं, हा प्रश्न आपण अजून हातात घेतलेला नाही, कारण त्याचं उत्तर पडीक जमिनीपाशी, बंद घरापाशी, कचऱ्याच्या ढिगापाशी, म्हणजे शेवटी आपल्यापाशी येऊन थांबतं.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. माळ्यावर खुडबुड झाली तर पिंजरा शोधायला बाहेर पडू नका. आधी विजेरी घेऊन, आवाज न करता वर डोकावून बघा. पिल्लं दिसली तर काही आठवडे कळ काढा. ती चालू-फिरू लागली की मादी त्यांना घेऊन निघेल, आणि मग ते कौल बदला. जनावर जखमी असेल तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि फोन करताना ‘घेऊन जा’ म्हणण्याआधी ‘काय करू?’ असं विचारा.